ताज्या मातीची भिंत

आठवीतून शाळा सोडलेल्या माझ्यासारख्या गवंड्याला बाईंनी सोलापूरकडून थेट नाकाडोंगरीजवळच्या एका गावात आणलं. बाई म्हणजे आमच्या आर्किटेक्ट. तिथल्या वाचनालयाच्या भिंती मातीच्या करायच्या होत्या. सिमेंट जवळजवळ नाही, आणि भर उन्हाळ्यातही आत गारवा. एवढं मोठं काम माझ्या हाती कोणी दिलं नव्हतं.

आणि चूक झालीच. तलावातला मऊ गाळ मला आमच्याकडं माळवदाच्या छतावर टाकतात त्या पांढऱ्या मातीसारखा, लगेच वापरता येणारा वाटला. त्यात तणस, म्हणजे भाताचं वाळलेलं काड, मिसळून त्याच दिवशी गिलावा केला. चौथ्या दिवशी चारही भिंतींना बोट जाईल अशा भेगा. पाच दिवसांनी बाई सरपंचांना घेऊन येणार होत्या. सरपंच तर आधीपासूनच सिमेंट मागत होते. बॅग भरली, वरठीहून रेल्वे मिळते, एवढं ठाऊक होतं.

शेजारी राहणाऱ्या, धानाची शेती करणाऱ्या काकूंनी बॅग पाहिली.

"काहून रे बाबू, पळून चालला का?"

मी भिंत दाखवली. त्या हसल्या. "ताजीच लावली? माती तणसासंग सडवा लागते. दहा-बारा दिवस. नाकाले झोंबली का समज तयार झाली. माह्या अंगणात हाये खड्डा, घर लिपाले सडवली. ने तू."

"आणि तुमचं घर?"

"माह्या घराले कोण सरपंच पाहाले येते?"

फुटलेला गिलावा खरवडून लावली, पण ती माती एकाच भिंतीला पुरली.

ठरल्या दिवशी सरपंच म्हणाले, "एक चांगली, तीन फुटल्या. मिस्त्री किती होते बाप्पा?"

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी बोललो, "फुटलेल्या माझ्या. चांगली काकूंच्या सडवलेल्या मातीची."

बाई भिंतीवरून नख फिरवत राहिल्या. सरपंच म्हणाले, "माती सडवाले दहा दिवस देतो. नाही झाली त मंग सिमेंट."

त्याच दुपारी वाचनालयामागं खड्डा खणून तणस घालून माती तुडवली, सडत ठेवली. रोज सकाळी गुडघे टेकून वास घ्यायचो. आठव्या दिवशी नुसती ओली माती. नवव्या दिवशीही तेच. बॅग अजून उघडली नव्हती.

दहाव्या दिवशी पोचलो, तर काकू आधीच खड्ड्यापाशी उभ्या. पदर नाकाला.

"ये बाबू, घे वास."

वाकलो, नाकाला झोंबली, आणि मी घमेलं घेऊन खड्ड्यात उतरलो.