एक सीट, करमाड

एकतीस वर्षं एसटी चालवून काकासाहेब खरातांनी रस्त्यावरच्या कोंबडीलासुद्धा कधी धक्का लावला नव्हता. माणसांच्या बाबतीत मात्र त्यांचा असा काही विक्रम नव्हता. पैठण डेपोतले दोन मॅनेजर, सात-आठ कंडक्टर, एक सख्खा मेव्हणा आणि करमाडच्या घराशेजारचा गिरणीवाला, एवढे लोक त्यांच्या जिभेनं जायबंदी झाले होते. गिरणीवाल्याशी तर इतकं बिनसलं होतं, की घराला लागून गिरणी असताना खरातांची ज्वारी दळायला चिकलठाण्याला जायची. मनकर्णाबाई म्हणायच्या, "ह्यांचे सगळे ब्रेक पायात हायेत. तोंडाला एक बी नाय."

निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी पांढरी मोटार घेतली. कागदावर ती मोटार होती. काकासाहेबांच्या लेखी ती एसटीच, जरा आखूड. समोरच्या काचेखाली विनाअपघात सेवेचा बिल्ला चिकटवलेला. गाडीत बसणाऱ्याला ते माणूस म्हणत नसत, सीट म्हणत. "आज किती सीट हायेत?" असं ते विचारत तेव्हा त्यांना गाद्या मोजायच्या नसत, एसटीच्या बोलीत सीट म्हणजे तिकीट काढून बसलेला जीव. आणि सर्वांत कडक नियम डबल बेलचा. मागच्या माणसानं दोनदा टकटक केल्याशिवाय गाडी जागची हलायची नाही. मनकर्णाबाई काचेवर बांगडी वाजवायच्या, मुलगा सत्यम टपावर बोटं आपटायचा.

सून प्रेरणा शहरातल्या एका दवाखान्यात अपघात विभागात नर्स. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात ती ड्यूटीला निघाली, गाडीत मागं बसली, दार लावलं. काकासाहेब स्टिअरिंग धरून पुतळ्यासारखे बसून राहिले. दहा मिनिटं गेली.

"मामा, निघायचं ना?"

"बेल नाय झाली."

"मी नर्स आहे, कंडक्टर नाही."

"त्ये दिसतंच की. कंडक्टरला येळेची कदर असती."

ती उतरली, दार आपटलं आणि जालना रोडवर काळीपिवळी पकडून निघून गेली. त्यानंतर दोन वर्षं ती त्या गाडीत बसली नाही. काकासाहेबही दोन वर्षं घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ते दार उघडून, परत लावून, कुठं करकरतं ते ऐकवत राहिले.

मग नात झाली. बाळंतपण पडेगावला, प्रेरणाच्या माहेरी. काकासाहेब नातीला बघून आले आणि त्या दिवशी कुणाशीच भांडले नाहीत. मनकर्णाबाईंनी काळजीनं त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला. नामकरण सव्वा महिन्यानं, रविवारी, करमाडच्या विहारात ठरलं. सगळी तयारी त्यांनी बाकीच्यांवर सोडली आणि स्वतःकडं एकच काम ठेवलं. पोरीला पडेगावहून करमाडला ते आणणार होते, आपल्या गाडीत, आपल्या हातानं.

"लाखो लोकांच्या सीटा ठिकाणाला सोडल्या म्या," ते म्हणाले. "घरची पहिली सीट दुसऱ्याच्या गाडीतून आली, तर हा बिल्ला काय चाटायचा?"

इथं सत्यमनं घोळ घातला. सत्यम शेंद्र्याला कंपनीत मशीनवर काम करतो. मशीनपुढं तो वाघ असतो, वडिलांपुढं त्याचा आवाज डब्यातल्या भाकरीखाली जातो. प्रेरणानं त्याला फोनवर पंधरा मिनिटं समजावलं होतं. त्यानं ताटाकडं बघत ते एका वाक्यात उरकलं. "बाबा, प्रेरणा म्हणती बाळासाठी एक सीट घिऊन या. सीट नसली तर ती बाळाला गाडीत बसवणार नाय."

काकासाहेब चकित झाले. दोन वर्षांत सून पहिल्यांदा काही शहाणपणाचं बोलली होती. "बराबर हाय. बाळाला धरायला हाताचं माणूस पायजेच. आणतो सीट."

सत्यमला त्याच वेळी तोंड उघडता आलं असतं. त्यानं उघडलं, पण घास घ्यायला.

गुरुवारी सकाळी काकासाहेब थोरल्या बहिणीला, गीताबाईंना, घेऊन पडेगावला पोचले. तीन दिवस आधीच आणायचं, म्हणजे रविवारी धांदल नको. दारात व्याही बुद्धभूषण खुर्ची टाकून पेपर वाचत होते. प्रेरणा बाळाला घेऊन बाहेर आली.

"जयभीम पाव्हणं," बुद्धभूषण म्हणाले.

"जयभीम. आवरा लौकर. सीट आणली."

प्रेरणाचा चेहरा क्षणभर मऊ झाला. तिनं वाकून मागच्या काचेतून आत बघितलं. आत गीताबाई मांडीवर दुपटं पसरून, दोन्ही हात पुढं करून तयार बसल्या होत्या.

"सीट कुठं आहे?"

"ही काय. पंच्याहत्तर वर्सांची. हिच्या मांडीवरची पोरं आता रिटायर व्हायलीत."

बुद्धभूषणांनी पेपर तोंडापुढं धरला. पेपर थरथरत होता.

"मामा, बाळाला बसवायची सीट सांगितली होती मी. पट्ट्यांची. गाडीत बांधतात ती."

"मंग माझ्या मांडीला काय झालं?" गीताबाईंनी आतून विचारलं.

"मांडीला काही नाही झालं, आत्याबाई. गाडी अचानक थांबली की मांडीवरचं बाळ हातात राहत नाही. कितीही धरलं तरी. मी वॉर्डात बघते ना."

"अचानक थांबली की," काकासाहेब अगदी हळू म्हणाले. त्यांचा आवाज असा उतरायचा तेव्हा डेपोत लोक चहाला निघून जात. "माझी गाडी? एकतीस वर्सं. त्यो बिल्ला वाच."

"वाचला. बिल्ला तुमचा आहे. समोरून येणाऱ्याकडं आहे का?"

काकासाहेब जास्तच भडकले. "पोरगी काय शेळी हाय, बांधून न्यायला?"

"शेळी असती तर दिली असती तुमच्या गाडीत. न बांधता."

बुद्धभूषणांनी पेपरची घडी घातली. ते गोड बोलणारे गृहस्थ होते, त्यामुळं त्यांचं बोलणं जास्त लागायचं. "पाव्हणं, तुम्ही कशाला तकलीफ घेता? रविवारी आम्ही गाडी करून, सीटबिट बसवून, आणतो की तिला. तुम्ही फक्त हार घेऊन दारात थांबा."

गाडी रिकामी परत फिरली. एकतीस वर्षांत काकासाहेबांनी पाटी लावलेली गाडी रिकामी आणली नव्हती. म्हणायला एक सीट होती, पण ती पडेगावपासून करमाडपर्यंत, सिग्नललासुद्धा न थांबता, भावाला आणि भावाच्या सुनेला आळीपाळीनं शिव्या देत होती.

शनिवारी सकाळी मनकर्णाबाईंनी धुतलेला पांढरा शर्ट त्यांच्यापुढं ठेवला. "उद्या घाला. दारात हार घिऊन उभं ऱ्हायचंय ना."

काकासाहेबांनी शर्टाकडं बघितलं. मग किल्ली उचलली. "दळण आणायचंय ना चिकलठाण्याचं? बस गाडीत."

दळण घेऊन झालं तरी गाडी वळली नाही. सिडकोत, कॅनॉटमधल्या लहान मुलांच्या सामानाच्या दुकानापुढं ती थांबली. दुकान सुलेखाबाईंचं. काकासाहेब तपासनीस गाडीत चढतो तसे आत शिरले.

"ल्हान लेकरू बांधायचं जे काय असंल त्ये दाखवा."

"वय?"

"एकसष्ट."

"बाळाचं."

"सव्वा महिना," मनकर्णाबाई म्हणाल्या. "साडेतीन किलो."

सुलेखाबाई बाहेर येऊन गाडी बघून गेल्या. मागच्या गादीच्या फटीत हात घालून म्हणाल्या, "याला सीट अडकवायच्या कड्या नाहीत. गाडीच्या पट्ट्यानं बांधायचीच सीट लागेल."

"माझ्या गाडीत खोडी काढू नका."

"खोडी नाही काढत, सीट विकते. ही बघा. ही मागं बसवायची, उलटी. बाळाचं तोंड मागच्या काचेकडं."

"उलटी?" काकासाहेबांना वाटलं हिनं आपली चेष्टा मांडली आहे. "पुढचा रस्ता नको दिसायला?"

"सव्वा महिन्याच्या पोरीला रस्ता बघून काय करायचंय? लायसन काढायचंय का तिचं?"

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, ती हसली. मग काकासाहेबांनी आपलं हुकमी अस्त्र काढलं. घरात ही गोष्ट भिंतींनाही पाठ होती. "ओ बाई, तुम्ही मला गाडी शिकवू नका. बिडकीनच्या पुढं, भरली गाडी, बासष्ट सीट. ट्रॅक्टर आडवा आला. असा ब्रेक मारला म्या की समदी गाडी पुढच्या दांड्यावर. कंडक्टरच्या तिकिटांचा ट्रे माझ्या मानंवर. पाच जणांच्या नाकातून रगत. आन् एक बाई व्हती, ओली बाळंतीण, तिचं तान्हं जागंसुद्धा झालं नाय. याला म्हणत्यात ब्रेक."

"पाच जणांची नाकं फुटली, आणि बाळ झोपलेलं?"

"व्हय."

"ती बाई कुठं बसली होती?"

गोष्ट काकासाहेबांनी हजारदा सांगितली होती, पण हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता.

"ड्रायव्हरच्या मागल्या बाकड्यावर," मनकर्णाबाई शांतपणे म्हणाल्या. "पैल्यांदा सांगताना ह्यांनीच म्हनलं व्हतं. जुन्या गाड्यांत असायचं. उलटं, तोंड मागं करून बसायचं."

काकासाहेबांनी टोपी काढली, डोकं पुसलं, टोपी घातली. इतकी वर्षं ते त्या झोपलेल्या बाळाचं श्रेय आपल्या पायाला देत आले होते आणि सगळं काम एका बाकड्यानं केलं होतं.

मग त्यांचा राग दुकानातल्या सीटांवर निघाला. प्रत्येक सीट त्यांनी उताणी केली, पट्टे ओढले, कुलपं दहा-दहा वेळा लावली-काढली. एक मोठी, गुबगुबीत सीट त्यांच्या मनात भरली.

"ती मोठ्या मुलाची आहे," सुलेखाबाई म्हणाल्या. "एवढंसं बाळ तिच्यातून निसटेल."

"सांगितलेलं येगळं, बघितलेलं येगळं. चालवून बघणार."

"चालवून? सीट?"

ते गाडीतून दळणाची पिशवी घेऊन आले. सुलेखाबाईंच्याच काट्यावर साडेतीन किलो पीठ एका पिशवीत बांधून घेतलं. सुलेखाबाईंनी बजावलं, की पीठ सांडलं तर सीट घ्यावीच लागेल. त्यांनी सांगितलं, की सांडलं तर सीटच नापास. गुबगुबीत सीट गाडीत बांधली, पीठ सीटमध्ये बांधलं, आणि कॅनॉटच्या मागल्या मोकळ्या रस्त्यावर, पुढं-मागं कुणी नाही बघून, एकतीस वर्षं जपलेल्या पायानं काकासाहेबांनी मुद्दाम कचकन ब्रेक मारला.

पीठ पट्ट्यांतून सुटून पुढच्या गादीच्या पाठीवर आपटलं आणि खाली पडलं.

ते उतरले. पिशवीकडं बराच वेळ बघत राहिले. साडेतीन किलो. मनकर्णाबाईंनी पुढं होऊन पिशवी उचलली आणि का कोण जाणे, थोपटली.

दुसरी सीट अरुंद होती, खोल, टोपलीसारखी, पट्टे थेट खांद्यापाशी. ती त्यांनी उलटी बांधली. तीन ब्रेक मारले. पिशवीतून पांढरा फुफाटा उडाला, पण पिशवी सुपारीएवढीही सरकली नाही.

"हीच मी पहिल्यांदा दाखवली होती," सुलेखाबाई म्हणाल्या.

"तुम्ही दाखवली. म्या पास केली."

रविवारी सकाळी पडेगावला बुद्धभूषणांची भाड्याची गाडी दारात उभी होती. काकासाहेबांनी आपली पांढरी गाडी बरोबर तिच्यापुढं लावली, इतकी जवळ की तिला हलता येऊ नये. पुढं मनकर्णाबाई. गीताबाई रागावून विहारात थांबल्या होत्या आणि सत्यम तिथं खुर्च्या मांडत होता, लढाईपासून सुरक्षित अंतरावर.

प्रेरणानं बाळ आईकडं दिलं आणि मागचं दार उघडलं. ते करकरलं. तिनं सीट दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवली. सीट हलली नाही, गाडी हलली. पट्टे तपासले. कुलूप तपासलं. सीट उलटी आहे हे दोनदा बघितलं. चूक सापडत नव्हती, त्यामुळं तिच्या कपाळावरची आठी वाढत गेली. शेवटी शिवणीत बोट घालून तिनं बाहेर काढलं.

"हे पांढरं काय आहे?"

"पीठ. तुझ्या लेकीआधी ज्वारी बसून आली. सुखरूप पोचली."

प्रेरणा हसली नाही. तिनं बाळाला बसवलं, पट्टा लावला, पट्ट्याखाली एक बोट सरकवून ताण बघितला. "घट्ट बसवलीय," ती तक्रारीच्या सुरात म्हणाली.

"मंग काय सैल बसवू?"

ती शेजारी बसली. दार आपटलं. काकासाहेबांनी इंजिन सुरू केलं आणि स्टिअरिंग धरून बसून राहिले.

मनकर्णाबाईंनी काचेकडं हात नेला. "हात खाली," ते म्हणाले. "पुढल्या सीटनं बेल द्यायची नसती."

आरशात सासरा-सुनेची नजरानजर झाली. मागं बुद्धभूषणांच्या गाडीनं हॉर्न दिला. काकासाहेब ढिम्म. एक मिनिट गेलं, दोन गेली. बाळानं तोंड वाकडं करून कुरकुर सुरू केली.

"तिच्यासाठी देतेय," प्रेरणा दातओठ खात म्हणाली. "तुमच्यासाठी नाही."

आणि तिनं काचेवर दोनदा बोटं आपटली, इंजेक्शन टोचावं तशी.

गाडी सुटली. छावणी, क्रांती चौक, सिडको, चिकलठाणा, काकासाहेब कुठंही चाळीसच्या वर गेले नाहीत. ट्रक अंगावर हॉर्न मारून पुढं गेले, रिक्षावाले मान बाहेर काढून काय काय बोलून गेले. एकालाही त्यांनी उत्तर दिलं नाही. शेंद्र्याच्या पुढं बाळ झोपलं, तेव्हा त्यांनी आरशात बघितलं. सीट उलटी, त्यामुळं त्यांना दिसला तो फक्त टोपलीचा काठ आणि प्रेरणाचा त्यावर ठेवलेला हात.

"कंडक्टर नवा हाय," ते मनकर्णाबाईंना म्हणाले. "बेल जरा जोरात देतंय. शिकंल."

"ड्रायव्हरनं पुढं बघावं," मागून आवाज आला.

काकासाहेबांनी पुढं बघितलं.