नखाएवढा डोंगल आणि दोन शहाणे

काय सांगायचं तुम्हाला! गाढवपणा मी आयुष्यात पुष्कळ केला, पण शेजाऱ्याला शिकवून केलेला हा एकच.

झालं असं. हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि घरात वॉकर आला. आमचं इंटरनेट ओटीवरच्या राउटरमधून वायरीने माजघरातल्या कॉम्प्युटरला यायचं, आणि वॉकर नेमका त्या वायरीत अडकायचा. म्हणून मी बाजारातून वायफायचा डोंगल आणला. नखाएवढी वस्तू! कॉम्प्युटरमागे खोचली, पासवर्ड टाकला, वायर गुंडाळून माळ्यावर टाकली.

घाई होती नातीच्या बारशाची. बारसं डोंबिवलीला, हिला प्रवास बंद. पण पाळणा आजीच म्हणणार, आणि तोही मोठ्या पडद्यावर नातीला बघत, असं हिने मुलाकडून कबूल करून घेतलं होतं.

आठवडाभराने वीज कडाडली आणि राउटर जळला. एक दिवा लागेना, वर जळका वास. सहज कॉम्प्युटर लावून बघतो तर इंटरनेट चालू!

आता तुम्हीच सांगा, तुम्ही काय समजला असता? मी समजलो, हा डोंगल हवेतूनच नेट ओढतो! मग केबलवाल्याला कशाला पोसायचं? दिन्याला फोन करून कनेक्शन बंद करून टाकलं.

एवढ्यावर थांबलो असतो तर ठीक. पण शेजारच्या वसंताला बोलावून, जळका राउटर त्याच्या हातात देऊन, प्रात्यक्षिक दाखवलं.

"आयला! म्हणजे त्या दिन्याने आजवर आपल्याला बनवलान काय रे?"

"तेच सांगतोय. तूही एक आण नि मोकळा हो."

वसंताने जन्मात कोणाचं ऐकलं नाही, स्वतःच्या बापाचंही नाही. माझं ऐकलं.

बारशाच्या सकाळी ही नवी साडी नेसून कॉम्प्युटरसमोर बसली. पडद्यावर मुलगा दिसला, पाळण्याची झालर दिसली, आणि चित्र जागच्या जागी थांबलं.

"अहो, काय झालं?"

"येईल, येईल."

आला तो वसंता. दारातूनच ओरडला, "मेल्या, तुझा चालतोय काय? दिन्या आत्ता माझं कनेक्शन काढून गेला, नि माझा डोंगल बंद!"

मी बाहेर धावलो. दिन्या अजून खांबावरच होता. सगळं ऐकून तो खांबाला मिठी मारून हसला. म्हणाला, "काका, गल्लीतल्या सगळ्या राउटरना मी एकच नाव नि एकच पासवर्ड देतो, लक्षात राहायला बरं. तुमचा जळल्यापासून तुम्ही वसंताकाकांचं नेट वापरत होतात! आणि आज तेच बंद करायला लावलंत!"

"मग जोड की परत!"

"तोडणं माझ्या हातात, जोडणी ऑफिसातून चालू होते. आज रविवार. ऑफिस उद्या."

हिच्याकडे बघायची माझी छाती होईना.

राहिला मोबाइल. आमच्या चिऱ्याच्या घरात त्याला रेंज नाही. मिळते ती रस्त्याकडेच्या गडग्यावर, म्हणजे कुंपणाच्या दगडी भिंतीवर, तीही फोन उंच धरला तर. तेव्हा ही नव्या साडीत, वॉकर धरून, रस्त्यात उभी राहिली आणि मान वर करून अख्खा पाळणा म्हणाली. मासेवाली टोपली उतरवून ऐकत होती.

पाळणा संपल्यावर मुलाने विचारलं, "आई, बाबा कुठे दिसत नाहीत?"

"आहेत ना," ही म्हणाली. "गडग्यावर चढवून राउटर केलाय त्यांचा."