काकीनं की काकीच्या हातून

माझ्या डाव्या दंडावर भाजल्याचा मोठा डाग आहे. महाडला मी ब्लाउज शिवते. गावभरच्या बायकांच्या बाह्या सांगतील तेवढ्या आखूड करून देते, स्वतःच्या मात्र कोपराखालीच ठेवते. तीन वर्षांची असताना न्हाणीत माझ्या अंगावर कढत पाणी पडलं होतं. पोलादपूरच्या बाजूला, उमरठच्या वाटेवर आमचं घर. तेव्हा ते एकत्र होतं, चूल एकच. आई सांगायची, “काकीनं वतलं.”

मला ते लख्ख आठवतं. काकी वाकलेली, हातात तपेलं, ओठ आवळलेले आणि चष्म्यातून नजर थेट माझ्यावर. म्हणूनच तिच्याकडून आलेले दिवाळीचे लाडू मी आधी नवऱ्याला खायला घालायचे आणि तासभर त्याच्याकडे लक्ष ठेवायचे.

यंदा काकीच्या डोळ्याचं ऑपरेशन महाडला झालं. चुलतभाऊ मुंबईला, त्याला रजा मिळेना, म्हणून तिला माझ्याकडे आणून सोडलं. नाही म्हणायला जीभ रेटली नाही. पण माझ्या घरात चार वर्षांची पोर. काकीची खाट मी स्वयंपाकघरापासून लांब टाकली. पोरीला अंघोळ घालताना आतून कडी लावायला लागले. काकी डोळ्याला पट्टी लावून बसलेली असायची. तिला कडीचा आवाज नक्की ऐकू जात असणार.

एका दुपारी मी विचारलंच, “काकी, तेव्हा माझ्या अंगावर पाणी कसं पडलं?”

“सांडलं गो.”

“कुणी सांडलं?”

“माज्या हातून सांडलं. तपेलं तापलं होतं, फडकं निसटलं.”

हातून! मला त्या शब्दाचाच संशय आला. हाताला पुढे करायचं आणि आपण मागे राहायचं. आपल्याकडे ही सोय फार चांगली आहे. कप फुटतो, दूध उतू जातं, घरात भांडण होतं. कुणी काही करतच नाही.

“आई तर म्हणते, तू ओतलंस.”

काकीनं डोळ्यावरची पट्टी चाचपली. मग म्हणाली, “आदी तुजी आय आसं नाय म्हनायची. तुला मांडीवर घेऊन आमी दोघी रडलो. तवा ती पन सांडलंच म्हनायची. मंग वाटण्या झाल्या, चुली येगळ्या झाल्या. तवापासून काकीनं सांडलं. मंग काकीनं वतलं.”

मी विश्वास ठेवला नाही. बरी गोष्ट रचलीस, असं मनात म्हटलं आणि गावाला आईला फोन लावला. वाटण्यांच्या आधी ती काय म्हणायची, ते विचारलं.

“येवडं कोन ध्यानात ठेवतंय?” आई वैतागली. “आनि मला कशाला इचारतेस? मी तवा न्हानीत नव्हते. तुलाच सगळं आठवतंय ना? तूच तर सांगतेस.”

म्हणजे आई माझ्या भरवशावर बोलत होती आणि मी आईच्या. मला भीतीच वाटली. फोन ठेवून मी ते तपेलं, ते ओठ पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर आणले. काकी चष्म्यातून बघत होती. पण काकीला चष्मा लागला तो माझ्या लग्नाच्या सुमाराला. मग न्हाणीत तो तिच्या नाकावर कुणी चढवला?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काकीला चहा नेत होते. पोर धावत येऊन पायात घुसली. तिच्या पावलावर चहा पडला, ती किंचाळली. नळाखाली पाय धरला, नुसता लाल झाला होता, फोड आला नाही. तेवढ्यात कारखान्यातून नवऱ्याचा फोन आला.

“काय झालं? ती का रडतेय?”

“काही नाही, चहा सांडला,” मी म्हणाले.

खाटेवरून काकीनं माझ्याकडे तोंड वळवलं. पोरीनं माझ्या हातातला फोन ओढला.

“बाबा, आईनं माझ्यावर चहा सांडला.”

“आईच्या हातून सांडला, असं म्हण,” मी म्हणाले.

तिनं माझ्याकडे डोळे बारीक करून बघितलं.

“नाही, आईनं,” ती म्हणाली. “मी बघितलं.”