सिलोनचं नाणं

हिंगणघाटच्या स्टँडवर अल्लीपूरच्या गाडीत शेजारी बसलेल्या बाईने खिडकीतून पेरू घेतले. परत मिळालेल्या चिल्लरीत आपल्या दहा पैशांसारखंच पिवळं, नागमोडी कडेचं एक नाणं होतं, पण त्यावर इंग्लंडचा राजा होता. मी वर्षानुवर्षं अशाच नाण्यासाठी चिल्लर चाळत होतो. माझा जीव जळला.

"हे सिलोनचं आहे, इथं चालणार नाही," मी म्हणालो. "मी रुपया देतो."

"चालत नाई, तं रुपया काऊन देता भाऊ?"

"मला हवंय," मी खरं ते सांगितलं.

"मंग मलेही पाह्यजे."

तिने राजाचा चेहरा अंगठ्याने चोळून लख्ख केला आणि नाणं पदराच्या गाठीत बांधलं. अल्लीपूरला उतरताना ती "येतो भाऊ" म्हणाली. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.