होम वेगळं आहे ना?

दुकानदाराने माझा लॅपटॉप उघडूनही पाहिला नाही. उलटा केला, मागचं लेबल वाचलं आणि म्हणाला, हे आता भंगार. नवीन सिस्टीम यात चढणार नाही आणि जुनीचे अपडेट बंद झालेत. मी म्हटलं, अहो, पण तो चालतोय. त्यावर तो हसला आणि मागच्या फळीवरचे नवे लॅपटॉप दाखवायला लागला.

मी लॅपटॉप पिशवीत घातला आणि बोळिंजला घरी चालत आले. रिक्षात बसण्याइतकंही डोकं ठिकाणावर नव्हतं. त्या मशीनला काहीही झालेलं नव्हतं. पडदा स्वच्छ, कीबोर्डचं एकूण एक बटण चालू. विम्याच्या ऑफिसातून स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा मी तो हौसेने घेतला होता आणि कपबशीसारखा जपला होता. कुठल्या तरी कंपनीने कुठे तरी बसून ठरवलं की हा आता चालायचा नाही, आणि आमच्या विरारचा दुकानदार मान हलवून मोकळा. घरी नवऱ्याने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही, धडधाकट वस्तू फेकून द्यायला सांगितली.

लिनक्सचं नाव मला भाच्याने फोनवर सांगितलं. फुकट आहे, कुणाच्या मालकीचं नाही, जुन्या मशीनवर छान चालतं. तो बंगलोरला, मी इथे, तेव्हा बसवायचं माझं मलाच होतं. आधी माझं सगळं सामान, म्हणजे फोटो आणि कागदपत्रं, एका वेगळ्या डिस्कवर घेतलं. मग लिनक्स बसवायचा पेन ड्राइव्ह तयार केला. पहिल्यांदा वायफाय लागेना, तेव्हा फोन वायरने जोडून इंटरनेट घेतलं. दुपारभर खटपट केली. संध्याकाळी पडद्यावर मेनू आला तो मराठीत. 'कागदपत्रे', 'चित्रे', 'कचरापेटी'. मी नवऱ्याला स्वयंपाकघरातून हाक मारून बोलावलं आणि ती कचरापेटी दाखवली. ज्याला भंगार म्हणाले होते ते आता आधीपेक्षा लवकर सुरू होत होतं.

मग मला गप्प बसवेना. लिफ्टमध्ये, भाजीवाल्याकडे, जो भेटेल त्याला मी विचारायला लागले, तुमच्याकडे जुना लॅपटॉप पडलाय का? जवळजवळ प्रत्येकाकडे होता. पलंगाखाली, कपाटावर, जुन्या साड्यांच्या बॅगेत. सगळ्यांना कुणी ना कुणी सांगितलेलं, आता हा फेका. लोकांच्या जुन्या मशीनवर लिनक्स बसवून द्यायला मी सोसायटीच्या सेक्रेटरींकडून दर रविवार सकाळसाठी क्लब हाऊस मागून घेतलं. ते म्हणाले, फुकटच्या गोष्टीत काही तरी खोट असतेच, पण घ्या.

पहिल्याच आठवड्यात मी बायला फोन केला. बाय म्हणजे माझी ऑफिसातली मैत्रीण. वसईजवळच्या गिरीजची, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. आमच्या सबंध विभागात तिला कुणी नावाने हाक मारली नाही, साहेबसुद्धा बायच म्हणायचे. निवृत्तीनंतर ती घरच्या केळीच्या वाडीत रमली होती. पण तिचं खरं वेड वेगळं होतं. तिच्या वसईच्या ख्रिस्ती समाजातल्या म्हाताऱ्या बायका लग्नात जी गाणी म्हणतात, हळदीची, मांडवाची, नवरी निघतानाची, ती तिने घरोघर बसून फोनवर रेकॉर्ड केली होती. त्यांच्या घरच्या बोलीतली गाणी. मला अर्धीअधिक कळायची नाहीत. ती एकेक ओळ थांबवून मला अर्थ सांगायची आणि सांगता सांगता स्वतःच गायला लागायची. गाणाऱ्या बायकांपैकी काही आता या जगात नव्हत्या. फोन बदलला तेव्हा तिच्या पुतणीने ती सगळी गाणी लॅपटॉपवर उतरवून दिली होती. तो लॅपटॉप आता इतका रखडत होता की एक गाणं सुरू होईपर्यंत चहा उकळायचा. मी म्हटलं, घेऊन ये, आपण त्याला पळता करू.

त्या रविवारी माणसं माझ्या आवाक्याबाहेर जमणार होती, म्हणून मी मदत मागितली. इंटरनेटवर लिनक्सवाल्यांचा एक ग्रुप आहे, त्यात मी अडलेलं विचारायचे. तिथला एक जाणकार मुंबईहून यायला आनंदाने तयार झाला. तिशी-पस्तिशीचा असेल. आला तोच स्वातंत्र्यावर बोलायला लागला. कंपन्यांची गुलामी, आपल्या मशीनवर आपला हक्क. मला ते सगळं पटत होतं. अजूनही पटतं. म्हणून तर जास्त चीड येते.

बोलणं संपवून तो टेबलाटेबलाशी फिरून मशीनं तयार करायला लागला. मी पलीकडच्या टोकाला उमेळ्याहून आलेल्या एका जोडप्याच्या वायफायशी झगडत होते. बाय चर्चमधली रविवारची मिस्सा आटोपून थेट आली होती. ती मधल्या टेबलाशी बसली होती. तो तिच्याकडे गेला, तिचं मशीन पुढे ओढलं आणि बटणं दाबता दाबता विचारलं, "होम वेगळं आहे ना?"

लिनक्सच्या भाषेत होम म्हणजे डिस्कवरचा तो भाग, ज्यात आपलं स्वतःचं सामान असतं. तो दुसऱ्या डिस्कवर वेगळा काढलेला असेल तर ही डिस्क पुसली तरी आपलं राहतं. हे मला माहीत होतं, त्याला माहीत होतं. बायला कसं माहीत असणार? तिच्या घरी दिरांच्या वाटण्या होऊन वर्ष झालं होतं. तिला वाटलं, माणूस ओळख करून घेतोय, घरची चौकशी करतोय. ती म्हणाली, हो, वेगळं आहे. त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलंसुद्धा नाही. सगळी डिस्क पुसून नवीन बसवा, या पर्यायावर बोट ठेवलं आणि पुढच्या टेबलाकडे गेला.

अर्ध्या-पाऊण तासाने तिच्या पडद्यावर निळंशार चित्र आलं. ती खूश झाली. मशीन खरोखरच पळत होतं. मग तिने शांतपणे विचारलं, माझी गाणी कुठं ठेवलीत?

तो म्हणाला, कुठली गाणी?

मी हातातली वायर टाकून तिकडे गेले. त्याने दोन-तीन ठिकाणी उघडून पाहिलं. मग खांदे उडवले. म्हणाला, तुम्ही हो म्हणालात. बॅकअप न घेता इन्स्टॉल करायला बसायचंच नसतं, हे पहिल्या पानावर लिहिलेलं असतं. माणसाने थोडं वाचून यावं. एवढी वर्षं ऑफिसात कॉम्प्युटर वापरलात ना?

बायने मान खाली घातली. तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. तीस वर्षांत मी तिला कधी मान खाली घातलेली पाहिली नव्हती. साहेबांसमोरही नाही. सगळे वळून बघत होते.

मी त्याला म्हटलं, "यांचं तुम्ही सगळं पुसलंत आणि वर यांनाच शिकवताय?"

तो म्हणाला, मी मदत करायला आलोय, तीही फुकट. मी त्याची बॅग उचलून त्याच्या हातात दिली. दार दाखवावं लागलं नाही, तो गेला. उमेळ्याच्या जोडप्याने त्यांचा लॅपटॉप हळूच मिटून पिशवीत ठेवला. सेक्रेटरी नेमके तेव्हाच डोकावले आणि म्हणाले, बघा, सांगितलं होतं ना, फुकटचं असंच असतं. त्यांना मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. त्यानंतर दोन महिने ते माझ्याशी बोलले नाहीत.

बायला मी एवढंच सांगितलं की आता हे मशीन बंद कर आणि अजिबात सुरू करू नकोस. पुसलेलं लगेच नाहीसं होत नाही, त्याच्यावर दुसरं काही लिहिलं गेलं की जातं. तिने मान हलवली. तिचा विश्वास बसलेला दिसला नाही. खाली तिची पुतणी स्कूटर घेऊन आली होती, तिच्यामागे बसून ती गेली.

घरी येऊन मी ग्रुपवर सगळं लिहिलं. कुणाचं नाव न घेता लिहिलं. मग उत्तरं यायला लागली. चूक वापरणारीची आहे. बॅकअप नसेल तर डेटा महत्त्वाचा नव्हताच. अशा लोकांनी जुनीच सिस्टीम वापरावी. एकाने हसरं तोंड टाकलं होतं. दिवसभर स्वातंत्र्य स्वातंत्र्य करणारी ही माणसं. दार सताड उघडं ठेवायचं आणि उंबऱ्यात पाय अडकून कुणी पडलं की टाळ्या पिटायच्या, हे कसलं स्वातंत्र्य? त्या दुकानदाराने निदान लेबल वाचून भंगार म्हटलं होतं. यांनी माणसालाच भंगारात काढलं होतं.

एकाच बाईचं उत्तर वेगळं आलं, नागपूरकडची होती. तिने वाद घातला नाही. पुसलेल्या डिस्कवरून उरलेलं शोधून काढणारा एक प्रोग्राम आहे, तो कसा चालवायचा ते तिने पायरीपायरीने साध्या मराठीत लिहून पाठवलं. तो प्रोग्रामसुद्धा फुकटच. कुणी तरी लिहून सगळ्यांसाठी ठेवलेला.

मी गिरीजला गेले. बायच्या ओटीवर टेबल लावलं, पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू केलं, मिळेल ते उतरवायला दुसरी डिस्क जोडली. प्रोग्राम चालू झाला आणि तासन्‌तास चालूच राहिला. आम्ही सुकेळी, म्हणजे तिच्या वाडीतली सुकवलेली केळी, खात बसलो. मी त्या रविवारचा विषय काढला की ती ताटली पुढे सरकवायची. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

फायली निघाल्या, पण त्यांची नावं गेली होती. नुसते आकडे. कुठलं गाणं कुणाचं, काही कळायला मार्ग नाही. आम्ही पहिली उघडली तर नुसती खरखर. दुसरीत कुणाचं तरी खोकणं. तिसरीत एकदम एक कापरा, चढा आवाज आला आणि बाय खुर्चीतून उठलीच. ही माझी आतेसासू, म्हणाली. हे मांडवाचं. मी नाव टाइप केलं.

मग मी दर आठवड्याला जायला लागले. ती ऐकायची, ओळखायची, मी लिहायचे. कुणाची आत्या, कुणाची वहिनी, कुठल्या वाडीतली. काही गाणी मध्येच तुटायची, नवरी दारापर्यंत यायची आणि पुढे आवाजच नाही. अशा ठिकाणी बाय स्वतः पुढची कडवी म्हणायची आणि मी तिलाच रेकॉर्ड करून जोडीला ठेवायचे. तिच्या मोठ्या जावेचं हळदीचं गाणं मात्र कुठेच सापडलं नाही. जाऊ गेल्या पावसाळ्यात गेली होती. दुसरं रेकॉर्डिंग नव्हतं, आणि ते गाणं त्या चालीत म्हणणारं दुसरं कुणी नाही. आम्ही सगळ्या फायली दोनदा ऐकल्या. दुसऱ्यांदा शेवटची फाईल संपल्यावर बायने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, बस झालं आता.

मी मशीन मिटायला लागले तेव्हा तिने हात धरला.

"आता यात तुझं ते नीट टाक."

मी म्हटलं, बाय, तुला अजून ते लिनक्स हवंय?

"मशीनने माझं काय केलं? मला विचारायला हवं होतं, ते विचारलं नाही त्या माणसाने. तू विचार. मला कळेल असं विचार."

मी विचारलं. तुझी गाणी दुसऱ्या डिस्कवर आहेत ना? ती उघडून दाखव. तिने दाखवली, एक वाजवूनही दाखवलं. मग मी सिस्टीम बसवली, तीही प्रत्येक पायरीला थांबून, ही काय विचारते आणि हो म्हटलं तर काय होईल ते सांगून. वेळ लागला. लागू दे की. घाई कुणाला होती?

क्लब हाऊस पुन्हा सुरू करायला मला तीन महिने लागले, कारण आधीच्यातलं कुणी यायला तयार होईना. मी घरोघर गेले. उमेळ्याला दोनदा गेले. आता बाय दर रविवारी येते आणि कुणाच्याही मशीनला हात लावायच्या आधी त्याला समोर बसवून विचारते, यातलं काय गेलं तर तुम्हाला रडू येईल? माणसं आधी हसतात. मग विचार करून सांगतात. नातवाचा पहिला व्हिडिओ, घराचे कागद, नवऱ्याची औषधांची माहिती. ते सगळं दुसरीकडे उतरलं आणि उघडून पाहिलं, की मगच पुढे. इंग्रजी शब्द आला की ती तिथेच थांबवते, मलासुद्धा. मला राग येतो, पण मी थांबते.

मध्यंतरी त्या जाणकाराचा मला मेसेज आला. तुमचं काम चांगलं चाललंय असं ऐकलं, एखाद्या रविवारी येऊन नवीन लोकांना मार्गदर्शन करायला आवडेल. मी तो बायला वाचून दाखवला. ती म्हणाली, येऊ दे, पण आधी माझ्याशी बोलू दे. मी तसंच कळवलं, आधी बायशी बोला, मग या.

त्याने मेसेज वाचल्याची खूण आली. उत्तर अजून आलेलं नाही.