कडक आत्या आणि नदीचे साहेब

माझ्या आत्याला सगळे 'कडक' म्हणायचे. कपड्यांना ती खळ अशी घालायची की शर्ट आत माणूस नसतानाही उभा राहील. आणि दुसरं कारण तिची नजर. समोरचा माणूस नालायक वाटला, की ती ओरडायची नाही, भांडायची नाही. डाग निघणार नाही अशा चादरीकडे बघावं, तशी त्याच्याकडे बघायची. सरकारी माणसं तिला एकजात तशीच दिसायची. तिला तसं वाटावं म्हणून त्यांनीही काही कमी कष्ट घेतले नव्हते.

नदीकाठी तिची लॉन्ड्री होती. पत्र्याची लांब शेड, आत कपडे उकळायच्या टाक्या, भिंतीला लागून इस्त्रीची टेबलं आणि मागे वाळत घालायच्या तारा. पंपाने नदीचं पाणी वर टाकीत चढवायचं आणि धुणं झालं की साबणाचं पाणी चरातून परत नदीत सोडायचं. दवाखान्याच्या चादरी, दोन हॉटेलांचे टेबलक्लॉथ आणि सरकारी विश्रामगृहातल्या उशांचे अभ्रे तिच्याकडे यायचे. तिचा नवरा टेम्पो चालवून माल पोचवायचा. बोलायचं काम त्याने लग्नानंतर बायकोवरच सोपवून टाकलं होतं.

मग नदीच्या वरच्या अंगाला कापड रंगवण्याचा कारखाना आला. उद्घाटनाला मंत्री आले, फाटकाजवळ झाड लावलं, फोटो काढला. झाड महिन्याभरात वाळलं. कारखान्याने पाणी शुद्ध करायचं यंत्रही बसवलं होतं. ते साहेब लोक बघायला आले की चालू व्हायचं, साहेबांच्या गाडीची धूळ खाली बसली की बंद.

एके दिवशी दवाखान्याची मेट्रन चादर हातात घेऊन आली. "अहो, ही पांढरी होती ना?"

चादर फिकट जांभळी झाली होती. आत्याने ती पुन्हा धुतली. आणखी जांभळी झाली. तिने टाकीचं झाकण उघडून आत डोकावलं, तर पाणीच जांभळं होतं. मग तशीच ओली चादर पिशवीत घालून प्रदूषण खात्याच्या ऑफिसात गेली.

तिथे जे साहेब बसले होते, त्यांच्या टेबलावर प्लॅस्टिकचं रोपटं होतं आणि मागे भिंतीवर नदीचं मोठं रंगीत चित्र. चित्रातल्या नदीत हंससुद्धा होते.

"तक्रार लेखी आणली आहे का, बाई?" साहेबांनी विचारलं.

आत्याने चादर काढून टेबलावर पसरली. पाणी त्यांच्या मोबाइलपर्यंत गेलं. "ही घ्या. वाचता येतंय का बघा."

साहेब पाहणीला यायला तयार झाले. येणार म्हणून कारखान्याला आधी फोन गेला असणार, कारण त्या दिवशी नदी पहिल्यांदाच नदीसारखी दिसत होती. तरीही साहेबांनी धोका पत्करला नाही. कारखान्याचं पाणी ज्या नळातून नदीत पडायचं, तिथे जायचं तर चिखल होता आणि बूट नवे होते. ते कारखान्याच्याही वर, पुलावर उभे राहिले. त्यांच्या शिपायाने दोरीला बांधून बाटली खाली सोडली.

"साहेब, कारखाना तिकडे खाली आहे," आत्या म्हणाली. "तुम्ही तर वरचं पाणी भरताय."

"पाणी वाहतं असतं, बाई. इथलं काय आणि तिथलं काय, एकच."

"मग ऑफिसातल्या नळाचंच भरायचं होतं. बुटांना एवढा प्रवास तरी घडला नसता."

शिपायाला हसू आलं. ते त्याने खोकल्यात दडवलं. साहेबांनी नाही दडवला राग. परत जाताना त्यांची नजर आत्याच्या चरावर गेली. चरातून साबणाचा फेस नदीत जात होता.

अहवाल आला तो असा: नदीचं पाणी उत्तम. कारखाना नियमानुसार. मात्र एक लॉन्ड्री प्रक्रिया न करता सांडपाणी नदीत सोडत आहे, सबब ती तात्काळ बंद करावी. शिपाई येऊन पंपाला लाखेचं सील ठोकून गेला.

आत्याचा नवरा त्या दिवशी बोलला. "आता काय करायचं गं?"

"साबण जातो नदीत, ते खरंच आहे," आत्या म्हणाली. "त्यांना दुसरं काही दिसलं नाही, पण हे बरोबर दिसलं."

आणि तिने शेडमागे खड्डा खणायला घेतला. गोटे, वर खडी, वर वाळू. साबणाचं पाणी त्यातून झिरपून जाईल असा. मी विचारलं, "आत्या, एवढं कशाला करतेस त्या माणसासाठी?" तिने माझ्याकडेच त्या नजरेने बघितलं. "त्याच्यासाठी? त्याच्यासाठी मी पाण्याचा पेलासुद्धा विसळणार नाही."

खड्डा पुरा झाला, पण सील निघेना. तपासणीला साहेबांना वेळ नव्हता. खात्याची मोठी परिषद ठरली होती, विषय होता नदी वाचवण्याचा. ठिकाण आमचं विश्रामगृह.

परिषदेच्या आदल्या दिवशी सकाळी विश्रामगृहाचा व्यवस्थापक टेम्पोभर चादरी घेऊन घामाघूम होऊन आला. "ताई, संध्याकाळपर्यंत द्या. वरचे मोठमोठे लोक येतायत."

"लॉन्ड्री बंद आहे."

"अहो, अशी कशी बंद?"

"सरकारी हुकमाने. सरकारच्याच चादरी धुऊन सरकारचा हुकूम मोडू? मी कायदा पाळणारी बाई आहे."

व्यवस्थापक गेला तो साहेबांनाच घेऊन आला. गाडीतून उतरता उतरताच साहेब म्हणाले, "बाई, धुवून टाका हो. सीलचं मी बघतो नंतर."

"नंतर नाही. आत्ता. आणि तिकडे मागे या, खड्डा बघा. सांडपाण्यावर प्रक्रिया हवी होती ना तुम्हाला?"

साहेबांनी खड्डा लांबूनच बघितला आणि मान डोलावली. ज्या तपासणीला इतके दिवस वेळ नव्हता, तिला वेळ तेवढाच लागला. खिशातल्या किल्लीने त्यांनी स्वतः लाख खरवडली. आत्या शेजारी हाताची घडी घालून उभी होती.

"पण साहेब, आज सुट्टी आहे," ती म्हणाली. "सुट्टीला तुमचं ऑफिस बंद असतं, म्हणून कारखाना सुट्टीला तर सगळंच सोडतो. चादरी कशा निघतील, ते मी सांगू शकत नाही."

"काहीही करा, पण धुवा."

तिने धुतल्या. खळ घातली, कडक इस्त्री केली, घड्या अशा घातल्या की कडा हाताला लागाव्यात. सगळ्या चादरी जांभळ्या.

परिषदेत गोंधळ होईल, असं मला वाटलं होतं. राजधानीतून आलेल्या मोठ्या बाईसाहेबांनी म्हणे सकाळी चहा घेताना विचारलं, या चादरींचा रंग कसला? साहेब म्हणाले, "शांतता देणारा रंग आहे, मॅडम. खास निवडलाय." बाईसाहेबांना तो आवडला. जाताना दोन चादरी घेऊन गेल्या. व्यवस्थापकाने ही गोष्ट सांगितली, तेव्हा आत्या अभ्र्यांच्या घड्या घालत होती. ती एवढंच म्हणाली, "यांच्यावर डागसुद्धा पडत नाही."

पुढे काही वर्षांनी कारखाना आपणहून गेला. दुसऱ्या एका नदीकाठी जमीन स्वस्त मिळाली, आणि तिथून प्रदूषण खात्याचं ऑफिस आणखी लांब होतं. आमच्या नदीचं पाणी हळूहळू निवळलं. मासे परत आले. आणि मग साहेबही आले. त्यांना बढती मिळाली होती. पुलापाशी मांडव घातला, 'नदी शुद्धीकरण: एक यश' असा फलक लावला आणि लाभार्थी म्हणून आत्याला व्यासपीठावर बसवलं.

"दोन शब्द बोला, बाई," साहेबांनी माइक पुढे केला.

आत्या उठली. "नदी साफ झाली, खरं आहे. कारखाना गेला म्हणून झाली. जाताना तो या साहेबांनाही घेऊन गेला असता, तर तिकडच्या लोकांची तरी सोय झाली असती. तिथे पुलावरून बाटली सोडायला कोणी नाही."

माइक बंद झाला. टाळ्या मात्र मागून पडल्या, आणि पहिली टाळी बहुतेक त्या शिपायाची होती.

आत्याने मानाची शाल खुर्चीवरच ठेवली. दुसऱ्या दिवशी ती बसने त्या दुसऱ्या नदीवर गेली. परत आली ती चिखलाने माखून, सँडल हातात घेऊन. तिथल्या बायकांना तिने कारखान्याच्या नळापाशी नेलं होतं. बाटल्या भरायच्या त्या इथेच, आणि साहेब आला की त्याला इथेच उभा करायचा, चिखलात, असं बजावून आली होती.

"ऐकतील का त्या?" मी विचारलं.

"दोघी ऐकतील," आत्या म्हणाली, आणि सँडल धुवायला नदीवर गेली.