सरावाची कबुली

दुसरीच्या बाई तोंडाने फटकळ, पण फादरांपुढे पापांची पहिली कबुली कशी द्यायची हे मुलांना शिकवावं ते त्यांनीच. नकाशाच्या स्टँडवर चादर टाकून त्या आडोशाला बसत. पलीकडे एकेक मूल गुडघे टेकून सराव करी. सरावापुरतं बाईंनाच फादर म्हणायचं आणि पाप लटकं सांगायचं, असा दंडक होता. त्यामुळे वर्षानुवर्षं सगळी पोरं बहिणीचं खोडरबर चोरत आली होती.

त्या दिवशी वर्गात कधी तोंड न उघडणारी मुलगी आली.

"फादर, काल मी बाईंशी खोटं बोलले," ती कुजबुजली. "त्यांनी हातावरचे वळ बघितले, तेव्हा मी पडले म्हणून सांगितलं. पण मी पडले नव्हते."

 काल बाईंनी तिलाच दटावलं होतं, "डोळे काय कपाळावर घेऊन चालतेस?"

"अगं, लटकं पाप सांगायचं ना?" त्या कशाबशा म्हणाल्या.

 चादरीपलीकडून घाबरलेला आवाज आला, "फादर, बाईंना सांगू नका हं. त्या आईला बोलावतील, आणि मग घरी गेल्यावर ती पुन्हा मारेल."